राजपुत्र पुण्यात अडकला, आणि आपल्या कुंडीत पाणी नाही

जानेवारी २०२६ मध्ये युबिसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीने सहा गेम बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यातलं एक नाव वाचून आमच्या घरात दोन दिवस वाद झाला: 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम'चा रीमेक. गेमच्या बातमीवरून घरात वाद व्हावा असं आमचं घर नाही. दादाचा पॉवरलूमचा धंदा, वहिनी शाळेत शिकवतात, मी हिशोबाची कामं करते. पण भाचा बारावीत आहे आणि त्याला पुण्याला जाऊन गेम डिझाइन शिकायचंय. दादाने बातमी वाचली आणि मोबाइल त्याच्यासमोर धरून म्हणाला, "हे बघ. एवढी मोठी कंपनी, पाच वर्षं घातली, आणि शेवटी कुलूप."

हा रीमेक सुरुवातीला कुठे बनत होता, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? पुण्यात आणि मुंबईत.

आधी मूळ गेमबद्दल सांगते, कारण धाकट्या मंडळींनी तो पाहिलेला नसणार. माझ्या वयाच्या लोकांनी तो कॉम्प्युटर क्लासमध्ये पाहिला. नव्वदच्या दशकात आपल्या गावात कॉम्प्युटर क्लास म्हणजे बूट बाहेर काढून आत जायचं, एसीच्या गारठ्यात बसायचं आणि सर बाहेर गेले की फ्लॉपी टाकायची. पांढऱ्या कपड्यातला एक मुलगा तळघरात पडलेला. वजीर जाफरने राजकन्येला साठ मिनिटांची मुदत दिलेली. तेवढ्या वेळात बारा मजले पार करून वर पोचायचं. जमिनीतून टोकदार सुळे निघतात, फरशा पायाखालून निखळतात, कात्रीसारखी पाती मिटतात. शिफ्ट दाबून धरली की राजपुत्र एकेक पाऊल जपून टाकतो, ही गोष्ट ज्याला आधी कळली तो आमच्या बॅचचा गुरू. आणि 'prince' नंतर एक खास शब्द टाइप केला की पुढच्या लेव्हलवर उडी मारता येते, तो मेगाहिट शब्द तर वर्गात परीक्षेच्या पेपरसारखा गुपचूप फिरायचा.

हा गेम जॉर्डन मेकनर नावाच्या अमेरिकन तरुणाने जवळजवळ एकट्याने बनवला. १९८९ मध्ये तो ॲपल-२ वर आला. राजपुत्राची चाल इतकी खरी का वाटायची, तर ती खरीच होती. मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं आणि व्हिडिओ काढला. मग टीव्हीवर टेप थांबवून एकेका चौकटीचा फोटो काढला, फोटो धुऊन आणले, काळ्या मार्करने आकृती गिरवली आणि ती संगणकात उतरवली. तलवारबाजी १९३८ च्या रॉबिन हूडच्या सिनेमातून घेतली. संगीत वडिलांनी दिलं. म्हणजे घरचंच कार्य, मांडव तेवढा दुसऱ्याचा.

मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट सावलीची. मशीनमध्ये मेमरी होती अगदीच तुटपुंजी. आज मोबाइलवरच्या 'शुभ सकाळ'च्या एका चित्राला तिच्याहून जास्त लागू शकते. राजपुत्राच्या हालचालींनीच ती भरली, शत्रूचं नवं चित्र ठेवायला जागा उरली नाही. मेकनरने मग राजपुत्राचंच चित्र थोडं सरकवून स्वतःवर टाकलं आणि त्यातून चमकत्या कडांचा एक सावलीपुरुष तयार झाला. चौथ्या लेव्हलला आरशातून उडी मारावी लागते, तेव्हा तो दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो आणि पुढे जिथेतिथे आडवा येतो. शेवटी त्याच्याशी सामना होतो. तुम्ही त्याला मारलंत की तुम्हीच मरता, कारण तो तुम्हीच. उपाय एकच: तलवार म्यान करायची आणि त्याच्या अंगावर सरळ चालत जायचं. आमच्या क्लासमध्ये हे कोडं सुटायला आठवडे लागले होते. जागा नाही म्हणून केलेली युक्ती, आणि लोक आज छत्तीस वर्षांनीही त्याच सावलीबद्दल बोलतात.

२००३ मध्ये युबिसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओने 'द सँड्स ऑफ टाइम' आणला. त्याची कथाही मेकनरचीच. आता राजपुत्र त्रिमितीत, भिंतीवरून धावणारा, आणि हातात असा खंजीर की चूक झाली तर काळ काही क्षण मागे नेता येतो. दरीत पडलात? बटण दाबा, वाळू उलटी वाहते, तुम्ही पुन्हा कड्यावर. सांगायला सोपं, पण करायला अवघड, कारण पडद्यावरची प्रत्येक हालती वस्तू गेल्या काही सेकंदांत कुठे होती याची नोंद सतत ठेवावी लागते. नुसता राजपुत्र मागे जाऊन चालत नाही. शत्रू, पाती, कोसळलेला खांब, सगळ्यांनी मागे यायला हवं.

आणि या गेमची सुरुवात होते ती इराणात नाही, तर हिंदुस्थानात. इराणी फौज वाटेत एका महाराजाच्या राजवाड्यावर हल्ला करते. महाराजाचा वजीर फितूर होतो. तो खंजीर तिथूनच लुटला जातो आणि महाराजाची मुलगी फराह कैद होते. म्हणून १० सप्टेंबर २०२० ला जाहीर झालं की याचा रीमेक पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ करणार, तेव्हा मला वाटलं, चला, फराह माहेरी आली.

पुण्याचा स्टुडिओ २००८ पासूनचा, मुंबईचा २०१८ चा. दुसरीकडच्या गेममध्ये हातभार लावणं, जुने गेम नव्या मशीनवर उतरवणं, अशी कामं पुण्यात बरीच झाली होती. एवढ्या नावाचा गेम पुढे राहून करायची ही मोठी संधी. प्रकाशनाची तारीख ठरली २१ जानेवारी २०२१. मग ट्रेलर आला आणि लोक तुटून पडले. चेहरे जुन्या पिढीच्या मशीनचे वाटतात, प्रकाश सपाट आहे, वगैरे. मीही तो ट्रेलर पाहिलाय. टीका अगदीच खोटी नव्हती. पण तिच्यात एक सूर असाही होता की 'इंडियात दिलं ना, मग असंच होणार', आणि तो मला तेव्हाही झोंबला, आजही झोंबतो. लॉकडाउनचं वर्ष, घरोघरी बसून चाललेलं काम, पाठीशी जगभरातल्या लोकांचं बालपण. तारीख मार्च २०२१ वर गेली, मग बेमुदत पुढे ढकलली. मे २०२२ मध्ये काम पुणे-मुंबईकडून काढून माँट्रियलकडे, म्हणजे मूळ गेमच्या घरी दिलं. २०२४ मध्ये कंपनीने सांगितलं, २०२६ ला येणार. २०२६ उजाडलं आणि आला तो निरोप बंद केल्याचा.

माझं मत विचाराल तर यात एक गोष्ट दादाच्या लक्षात येत नाही. पुण्यात जमलं नाही म्हणून काम माँट्रियलला गेलं, आणि ज्यांनी मूळ गेम बनवला त्यांच्या हातूनही तो पुरा झाला नाही. मग दोष पुण्याचा किती आणि जुनी जादू पुन्हा करायला लावण्याचा किती? नवं सांगायचं ठरवलं की गोष्ट निराळी होते. त्याच कंपनीच्या फ्रान्समधल्या माँपेलिए स्टुडिओने जानेवारी २०२४ मध्ये 'द लॉस्ट क्राउन' काढला. पुन्हा बाजूने दिसणारा, उड्या आणि कोड्यांचा, जुन्या वळणाचा, पण नवा नायक, काफ पर्वताची इराणी दंतकथा आणि फारसीतले संवादसुद्धा. तो मी आणि भाच्याने मिळून संपवला. त्यात एक सोय आहे: न सुटलेल्या जागेचं चित्र काढून नकाशावर टोचून ठेवता येतं, म्हणजे नंतर हत्यार मिळालं की परत यायचं. मला वाटतं, शाळेच्या अभ्यासातही ही सोय असायला हवी होती.

आणि पुण्याचंच म्हणाल तर २०२० मध्येच पुण्याच्या नॉडिंग हेड्स या लहानशा कंपनीने 'राजी: ॲन एन्शंट एपिक' आणला. सर्कशीत कसरती करणारी मुलगी, दुर्गेने दिलेला त्रिशूळ, हरवलेला भाऊ. भिंतीवरून धावणं, खांबांवर चढणं यात पर्शियाच्या राजपुत्राचा ऋणानुबंध उघड दिसतो. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पहिल्या गेमसाठीच्या पुरस्काराच्या यादीत त्याचं नाव होतं. दादाला हे सांगितलं तर तो म्हणतो, "बक्षीस मिळालं का?" नाही मिळालं. दादा हा दादा आहे.

पण दादा अगदीच चूक आहे असंही मी म्हणणार नाही. गेल्या काही वर्षांत या उद्योगात जगभर हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, आणि एक गेम बंद होतो तेव्हा त्यावर चार-चार वर्षं घालवलेल्या मुलाला दाखवायला काही उरत नाही, गुप्ततेच्या करारामुळे सांगताही येत नाही. लूम बंद पडला तर निदान लूम विकता तरी येतो. म्हणून मी भाच्याला सांगितलं, कॉलेज कुठलं ते नंतर बघू, आधी काहीतरी पूर्ण करून दाखव. छोटंसं चालेल, पण पूर्ण.

इथे पुन्हा मेकनर कामाला आला. मूळ गेमचा सोर्स कोड कित्येक वर्षं हरवलेला होता. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरातल्या खोक्यात जुन्या फ्लॉपी सापडल्या. जाणकारांनी त्या वाचून काढल्या आणि मेकनरने तो कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला. शिवाय डॉस आवृत्तीवरून चाहत्यांनी एसडीएलपॉप नावाची आवृत्ती तयार केली आहे, ती आजच्या कॉम्प्युटरवर चालते आणि तिच्यासाठी स्वतःच्या लेव्हल रचता येतात. भाच्याने ठरवलं, राजपुत्राला आपल्या कुंडी भंडाऱ्यात उतरवायचं.

कल्पना ऐकून मी उडालेच. कारण राजपुत्र इराणचा आणि कुंडी भंडाराही एका अर्थाने इराणचाच! १६१५ च्या सुमारास, अब्दुर रहीम खानखाना इथे सुभेदार असताना, इराणी जाणकाराकडून ही योजना करवून घेतल्याचं सांगतात. पद्धत इराणातल्या कनातीची. सातपुड्याकडून तापीकडे जमिनीखाली झिरपणारं पाणी अडवायचं, बोगद्यातून हलक्या उताराने गावाकडे आणायचं आणि वर ठरावीक अंतराने हवेसाठी, उजेडासाठी कुंड्या खोदायच्या. शंभराहून जास्त कुंड्या, ना मोट, ना पंप, सगळं उताराच्या जोरावर. कुणी पाहुणे आले की आपण त्यांना शाही किल्ल्यातला हमाम दाखवतो, मुमताज १६३१ मध्ये इथेच वारली आणि तिला आधी नदीपलीकडे आहुखान्यात दफन केलं होतं हे सांगतो, मावा जिलेबी खाऊ घालतो. कुंडी भंडाऱ्याकडे मात्र 'वेळ उरला तर' म्हणून जातो.

मग अडचणी सुरू झाल्या. मूळ गेममध्ये एका लेव्हलला जास्तीत जास्त चोवीस खोल्या, आणि एका खोलीत दहा चौकोन आडवे, तीन उभे. त्यात शंभर कुंड्या कशा बसवणार? भाच्याने सहा ठेवल्या. दुसरी अडचण खोलीची. कुंडीत लिफ्टने उतरताना साधारण ऐंशी फूट खाली जातो आपण. राजपुत्र एक मजला पडला तर काही होत नाही, दोन मजले पडला तर एक जीव जातो, तीन मजले म्हणजे खेळ खलास. म्हणजे प्रत्येक कुंडीत कडेला पाय टेकायला जागा हव्यात, आणि खऱ्या कुंडीत त्या कुठे असाव्यात हा प्रश्न.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी. राजपुत्राच्या जगात पाणीच नाही! औषधाच्या बाटल्या आहेत, लाल, निळ्या. झरा नाही, ओल नाही. पाण्याशिवाय कुंडी भंडारा म्हणजे चकलीच्या पुस्तकात भाजणीच नाही. लेव्हल तयार झाली, मी ती दोनदा खेळले, सुळे अगदी वैतागाने रचलेत, पण कोरडीठाक.

म्हणून आता त्याने राजपुत्र बाजूला ठेवलाय आणि गोडो या फुकट मिळणाऱ्या इंजिनात स्वतःचा खेळ सुरू केलाय. नायिका पाणी शोधणारी मुलगी. एका कुंडीत दगड टाकला की पुढच्या कुंडीतली पातळी बदलते, आणि ती तरंगत वर येते. वेळ साठ मिनिटं नाही, दिवसाच्या उजेडावर. सूर्य डोक्यावर असतो तेव्हाच ऊन थेट तळापर्यंत उतरतं, तेवढ्यात खालचं काम उरकायचं. ही कल्पना मला मेकनरच्या सावलीइतकीच आवडली, आणि आत्या आहे म्हणून म्हणत नाही.

गेल्या महिन्यात लिफ्ट सुरू होती त्या रविवारी त्याला मोजमापं घ्यायला जायचं होतं. माझ्या गुडघ्यांमुळे मी वरच थांबले आणि दादा त्याच्याबरोबर उतरला. जन्म बुऱ्हाणपुरात गेला, पण तो पहिल्यांदाच खाली गेला होता. वीस मिनिटांनी दोघे वर आले, विजारी गुडघ्यापर्यंत भिजलेल्या, दादाच्या हातात वही, आणि वहीत त्याच्या लूमच्या ऑर्डरी लिहितो तशा अक्षरात बोगद्याची उंची, रुंदी, पाण्याची खोली.

गाडीत बसल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. लालबागच्या फाटकाशी थांबलो तेव्हा मागे वळून भाच्याला म्हणाला, "भिंतीवर तो पांढरा थर साचलाय ना चुन्यासारखा, तो पण दाखव. आणि ती मुलगी उतरते कशी? त्या काळी लिफ्ट नव्हती."

भाचा म्हणाला, "दोर."

"मग दोर कुणीतरी वर धरलेला पाहिजे," दादा म्हणाला.