पश्चिमेची काच आणि फिल्मची निवड

छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ मध्ये वडिलांच्या, म्हणजे जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं वसवलेलं जयसिंगपूर आखून वसवलेलं गाव आहे. काटकोनात छेदणारे रुंद रस्ते, क्रमांकांच्या गल्ल्या. जुन्या गावठाणाच्या बोळात समोरच्या घराची सावली आपल्या दारात पडते. इथल्या रुंद रस्त्यांवर ती उशिरा पोचते. त्यामुळे मार्च सरला की पश्चिमेकडे तोंड असलेल्या दुकानात चारच्या सुमाराला ऊन थेट काउंटरवर येतं, आणि सनफिल्मची चौकशी सुरू होते.

बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, किती काळी घेऊ? माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी बघायला हव्यात. काच कोणत्या दिशेला आहे, आणि भर दुपारी ती बंद असते की उघडी.

जयसिंगपूर साधारण पावणेसतरा उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारी तो किंचित उत्तरेकडेच असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीत ऊन फारसं येतच नाही, आणि आलं तरी छज्जा ते अडवतो. त्या बाजूला फिल्मवर पैसे घालू नयेत. पश्चिमेचं ऊन मात्र तिरपं, छज्ज्याखालून थेट आत शिरणारं. एप्रिलमध्ये चार बाय चार फुटांच्या साध्या तावदानातून त्या वेळी जी उष्णता आत येते, ती खोलीत एक इस्त्री सुरू ठेवल्यासारखीच असते. चांगली फिल्म ती जवळपास निम्म्यावर आणते.

पण खिडकी बंद असेल तर. जुन्या घरांत एसी नसतो, वाऱ्यासाठी झडपा उघड्या लागतात, आणि उघड्या झडपेच्या काचेला लावलेली फिल्म ऊन अडवत नाही. तिथं बाहेरच्या बाजूनं चिकाचा पडदा सोडणं किंवा पत्र्याची झाप काढणं केव्हाही सरस, कारण ऊन काचेपर्यंत पोचण्याआधीच अडतं. वरच्या मजल्यावर उघडा स्लॅब तापत असेल तर आधी त्याचा बंदोबस्त करावा; छताची उष्णता खिडकीची फिल्म कशी थांबवणार?

आता काळेपणाबद्दल. सूर्याच्या ऊर्जेतला जेमतेम पाच टक्के भाग अतिनील, निम्म्याच्या आसपास अवरक्त आणि उरलेला डोळ्यांना दिसणारा प्रकाश. स्वस्त रंगीत फिल्म उजेड शोषून घेते. खोली अंधारते, काच तापते आणि त्यातली बरीच उष्णता आतच सोडते. धातूचा थर असलेली फिल्म ऊन परतवते, पण आरशासारखी चमकते. सिरॅमिक फिल्म उजेड बऱ्यापैकी ठेवून अवरक्त किरण रोखते. ती महागही असते. दुकानात दिव्यासमोर फिल्म धरून ‘हात लावून बघा, सत्त्याण्णव टक्के गरमी अडते’ असं दाखवतात. तो आकडा बहुधा फक्त अवरक्त किरणांचा, तोही त्यातल्या एका पट्ट्यातला असतो. आपण विचारायचा तो एकूण सौरऊर्जा किती परतते, हा आकडा. माहितीपत्रकात तो टीएसईआर या नावानं असतो. उजेड किती आत येतो, तो व्हीएलटी. हे दोन्ही आकडे फिल्मच्या नावासह बिलावर लिहून घ्यावेत.

जुन्या घरात सगळ्यात जास्त काळजी काचेचीच घ्यावी लागते. लांबी भरून बसवलेल्या तावदानांच्या कडा अनेकदा टवके गेलेल्या असतात. फिल्ममुळे काचेचा मधला भाग तापतो, चौकटीत दडलेली कड थंड राहते, आणि त्या टवक्यापासून तडा जातो. तारेची जाळी असलेली किंवा मुळातच रंगीत काच यात फार नाजूक. म्हणून अशा काचेला काळी, उष्णता शोषणारी फिल्म नकोच. पिनहेड काचेच्या खरखरीत बाजूला फिल्म चिकटतही नाही. गाडीच्या काचांची उरलेली फिल्म घराला लावून घेण्याचा मोह टाळावा. गाडीच्या बाजूच्या काचा टफन असतात, ताप सोसतात. घरातलं जुनं तावदान साधं असतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये काळ्या फिल्मवर घातलेली बंदी वाहनांपुरती होती, घराला किंवा दुकानाला ती लागू नाही.

दुकानाचं गणित वेगळं. काच दिवसभर बंद, बऱ्याच ठिकाणी आत एसी, म्हणजे फिल्मचा खरा उपयोग इथंच. पण शोकेस अंधारली तर गिऱ्हाईक थांबेल कशाला? कापडदुकानाला उजेड राखणारी फिल्मच घ्यावी. अतिनील किरण ती जवळजवळ पूर्ण अडवते, तरी साड्यांचा रंग उजेडानं आणि उष्णतेनंही उडतो, तेव्हा शोकेसमधला माल बदलत राहायलाच हवा. औषधांवर थेट ऊन पडू नये, त्यामुळे पश्चिमेच्या मेडिकलवाल्यानं फिल्म लावूनही काचेलगतचं कपाट हलवावं. काचेला टेकून प्लाय किंवा पुठ्ठा लावला तर मध्ये कोंडलेल्या उष्णतेनं तडा जाण्याचा धोका वाढतो. सराफांनी शंभर मायक्रॉनच्या पुढची सेफ्टी फिल्म बघावी. काच फुटलीच तर तुकडे जागेवर धरून ठेवते.

आडोशासाठी आरशी फिल्म घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. आरसा उजेडाच्या बाजूनं दिसतो. रात्री आत दिवे लागले की रस्त्यावरून सगळं घर दिसतं. दवाखान्याला किंवा रस्त्यालगतच्या खोलीला रेडियमवाल्याकडची फ्रॉस्टेड फिल्म बरी. ती ऊन फारसं अडवत नाही, पण रात्रीही आडोसा देते.

लावताना काचेवरचे रंगाचे शिंतोडे ब्लेडनं खरवडून घ्यावेत. फिल्म आतून, साबणाच्या पाण्यावर बसवतात आणि वायपरनं मधून कडेकडे पाणी काढतात. पाण्याचे धुरकट ठिपके जायला काही आठवडे लागतात, पावसाळ्यात जास्तच. तोवर पुसू नये, आणि पुढंही अमोनियाचं क्लीनर वापरू नये. सगळ्या काचांची ऑर्डर एकदम देण्याआधी पश्चिमेच्या एकाच तावदानाला लावून एप्रिल-मे काढून बघावेत.