साठ वर्षांची प्रतीक्षा

बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा हे गाव तेथील श्रीबालाजीच्या देवस्थानाबद्दल प्रसिद्ध आहे. आश्विन महिन्यात तेथे मोठी यात्रा भरते आणि दूरदूरचे भाविक दर्शनास येतात. गावापासून थोड्याच अंतरावर विदर्भाची हद्द संपते व जालना जिल्हा लागतो. यात्रेकरूला ही हद्द जाणवतही नाही. क्रिकेटच्या खेळात मात्र तिला मोठा अर्थ आहे. हद्दीच्या अलीकडचा मुलगा उत्तम खेळू लागला, तर तो विदर्भाच्या संघाकडे पाहतो; पलीकडचा मुलगा महाराष्ट्राच्या संघाकडे. आपले राज्य एक असले, तरी रणजी करंडकाच्या सामन्यांत त्याचे मुंबई, महाराष्ट्र व विदर्भ असे तीन निरनिराळे संघ उतरतात.

रणजी करंडक ही देशातील राज्याराज्यांच्या संघांची स्पर्धा होय. ती १९३४ साली सुरू झाली. नवानगरचे जामसाहेब रणजितसिंहजी यांच्या स्मरणार्थ तिला हे नाव मिळाले. हे सामने चार-चार, पाच-पाच दिवस चालतात. निर्णायक विजय मिळाला तर हल्ली ६ गुण मिळतात. सामना अनिर्णित राहिला, तर पहिल्या डावात ज्याच्या धावा अधिक, त्याला ३ गुण आणि दुसऱ्याला केवळ १. म्हणून एखाद्या संघाचा शेवटचा फलंदाज पहिल्या डावात चार धावांसाठी तासभर झुंजताना दिसला, तर तो वेळ फुकट घालवीत आहे असे समजू नये.

आपल्या देशाला क्रिकेटचे किती वेड आहे, हे कोणास सांगावयास नको. १९८३ साली भारताने विश्वचषक जिंकला, तेव्हा गावोगाव लोक आनंदाने रस्त्यावर आले. २ एप्रिल २०११ रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारत पुन्हा विश्वविजेता झाला. त्या रात्री तर लोकांना झोप कशी ती आठवली नाही. परंतु त्याच वानखेडेवर रणजीचा सामना असला, म्हणजे बैठकींच्या रांगाच्या रांगा रिकाम्या दिसतात. जिंकणाऱ्या देशावर प्रेम करण्यास कोटी माणसे मिळतात. हरणाऱ्या लहान संघावर प्रेम करणारे थोडे असतात, आणि विदर्भाचे चाहते कित्येक वर्षे अशा थोड्यांपैकी होते.

वास्तविक विदर्भाच्या भूमीला क्रिकेट नवीन नव्हते. भारताच्या कसोटी संघाचे पहिले कर्णधार सी. के. नायडू यांचा जन्म १८९५ साली नागपुरासच झाला. १९२६ साली मुंबईच्या जिमखान्यावर इंग्लंडहून आलेल्या एम. सी. सी. संघाविरुद्ध त्यांनी दोन तासांच्या आत १५३ धावा काढल्या आणि त्यांत ११ षट्कार मारले. तथापि तोवर नायडू नागपूर सोडून होळकरांच्या आश्रयाने इंदूरला गेले होते. पुढे होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. नागपूरने घडविलेल्या खेळाडूचे वैभव इंदूरने पाहिले.

१९५७-५८ च्या हंगामापासून विदर्भाचा संघ या नावाने रणजी स्पर्धेत उतरू लागला. मध्य विभागात त्याची गाठ राजस्थान, रेल्वे, उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेश यांच्याशी पडे. राजस्थानने त्या काळात अनेकदा अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली होती. अशा संघांपुढे विदर्भाचा टिकाव लागणे कठीण होते. एका हंगामामागून दुसरा हंगाम गेला. अंतिम सामना काही दिसेना.

त्या दिवसांत देऊळगाव राजासारख्या गावातील क्रिकेटप्रेमी माणसाची स्थिती कशी असे, याची कल्पना करून पाहा. नागपूर शेकडो किलोमीटर दूर. प्रत्यक्ष सामना पाहण्याचा योग विरळाच. भारताचा कसोटी सामना असला, म्हणजे आकाशवाणी मदतीला येई, बाळ ज. पंडित यांचे मराठीतील धावते वर्णन ऐकताना मैदान जणू डोळ्यांपुढे उभे राही. पण विदर्भाची वार्ता कळावयाची ती वर्तमानपत्राच्या एखाद्या कोपऱ्यातून, बारीक टाइपातून, तीही शिळी झाल्यावर. धावफलकावरची नावे बोटाने वाचीत जावयाचे, कोणी पन्नाशी गाठली का ते पाहावयाचे आणि पराभवाची ओळ वाचून कागदाची घडी करावयाची. पुढच्या सामन्याच्या वेळी पुन्हा तोच कोपरा शोधावयाचा! अशा माणसाला टाळ्या कोणी वाजवीत नाही, आणि संघालाही त्याचे नाव ठाऊक नसते.

हळूहळू दिवस पालटू लागले. खापरखेड्याच्या कोळसा खाणीत काम करणाऱ्या एका कामगाराचा मुलगा, उमेश यादव, २०११ साली कसोटी सामना खेळला. विदर्भाच्या संघातून कसोटीपर्यंत पोहोचलेला तो पहिला खेळाडू. वेगवान गोलंदाजी नागपूरकडेही पिकू शकते, हे त्याने दाखवून दिले.

मग २०१७-१८ चा हंगाम उजाडला. फैज फजल कर्णधार आणि चंद्रकांत पंडित प्रशिक्षक होते. उपांत्य सामना कोलकात्यास बलाढ्य कर्नाटकाशी झाला. कर्नाटकास विजयासाठी १९८ धावा हव्या होत्या. रजनीश गुरबानी या तरुण गोलंदाजाने ७ बळी घेतले आणि कर्नाटकाचा डाव १९२ वर आटोपला. केवळ ५ धावांनी विजय! हा गुरबानी अभियांत्रिकीची पदवी घेतलेला. अभ्यास आणि खेळ यांचे वैर असलेच पाहिजे असे मानणाऱ्यांनी त्याच्याकडे पाहावे.

अंतिम सामना दिल्लीशी होता, आणि योग असा की तो इंदूरच्या होळकर मैदानावर ठरला. नायडूंच्या त्या इंदुरात आता नागपूरचा संघ उतरला. गुरबानीने ओळीने तीन चेंडूंवर तिघांच्या यष्ट्या उडविल्या. अशा पराक्रमास हॅट्‌ट्रिक म्हणतात. रणजीच्या अंतिम सामन्यात तो त्यापूर्वी एकदाच घडला होता. दिल्लीच्या २९५ धावांना विदर्भाने ५४७ धावांनी उत्तर दिले. त्यांत यष्टिरक्षक अक्षय वाडकरच्या १३३ होत्या. शेवटी विजयासाठी २९ धावाच उरल्या. त्या निघाल्या तेव्हा खेळपट्टीवर वसीम जाफर होते. त्यांचे बहुतेक आयुष्य मुंबईकडून खेळण्यात गेले होते. १ जानेवारी २०१८ रोजी, पहिल्या हंगामानंतर तब्बल साठ वर्षांनी, करंडक विदर्भाच्या हाती आला. ज्यांनी तरुणपणी तो बारीक टाइप वाचला होता, त्यांचे केस एव्हाना पांढरे झाले होते.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, नागपूरजवळील जामठा येथे सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून विदर्भाने करंडक राखला. त्या महिन्यात इराणी करंडकही जिंकला, आणि त्याच्या बक्षिसाची रक्कम संघाने पुलवामा येथे वीरमरण आलेल्या जवानांच्या कुटुंबीयांस देऊ केली.

यानंतर पराभवही आला. मार्च २०२४ मध्ये अंतिम सामन्यात मुंबईने विदर्भापुढे ५३८ धावांचे आव्हान ठेवले. इतक्या धावा निघणे जवळजवळ अशक्यच होते. तरीही वाडकरने शतक ठोकले आणि ३६८ पर्यंत झुंज दिली. करंडक मुंबईने नेला. तो तिचा ४२ वा विजय होता. विदर्भाच्या जुन्या चाहत्याला पराभवाची ओळख होतीच.

वर्षभरातच जामठ्याला केरळाविरुद्ध अंतिम सामना झाला. केरळाने ३४२ केल्या, विदर्भाने ३७९. अवघ्या ३७ धावांची आघाडी! दानिश मालेवारच्या १५३ धावा त्यात मोलाच्या ठरल्या. सामना अनिर्णित राहिला, तर या ३७ धावांवरच करंडक मिळणार होता. म्हणून दुसऱ्या डावात विदर्भाने घाई केली नाही. २ मार्च २०२५ रोजी, पाचव्या दिवशी, निकाल कोणाच्या बाजूने लागणार हे सर्वांस कळून चुकले होते. तरी विदर्भाचे फलंदाज एकेक चेंडू शांतपणे अडवीत राहिले. ९ बाद ३७५ झाल्यावर दोन्ही कर्णधारांनी हात मिळविले आणि विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक उचलला.