डोके टेकण्यापुरती जागा
विद्यार्थ्यांच्या अल्पखर्ची निवासाची आपली परंपरा आणि आजचे मार्ग

दहावी-बारावीचे निकाल लागतात, घरोघर पेढे वाटले जातात, आणि पेढ्यांचा पुडा संपण्याआधीच वडीलधाऱ्यांच्या चेहऱ्यावर एक काळजी उमटते. प्रवेश तर मिळाला. पण लेकरू शहरात राहणार कोठे?

गेल्या वर्षी शिरोळ तालुक्यातील एक शेतकरी गृहस्थ माझ्याकडे आले. जमीन दोन एकर, तीही नदीकाठची. पूर आला की पीक पाण्याखाली. त्यांच्या मुलीला पुण्यात अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला होता आणि शासनाच्या सवलतीमुळे शिक्षण शुल्कही माफ झाले होते. तरीही ते जागा सोडून देण्याच्या विचारात होते. खोलीचे भाडे, अनामत रक्कम आणि खाणावळीचा खर्च यांची बेरीज त्यांनी वहीच्या मागच्या पानावर मांडून आणली होती. ती वही माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, “सर, फी माफ झाली. भाडं कोण माफ करणार?”

त्या प्रश्नाने मला माझे विद्यार्थिदशेतील दिवस आठवले. मी स्वतः बोर्डिंगात राहून शिकलो. पत्र्याची ट्रंक आणि सतरंजीत गुंडाळलेली वळकटी घेऊन वडिलांबरोबर एस.टी.तून उतरलो, तेव्हा ज्या खोलीत मला जागा मिळाली तिचे खरे भाडे माझ्या वडिलांना कधीच परवडले नसते. ते भाडे माझ्या जन्मापूर्वीच कोणीतरी भरून ठेवले होते. ते कोणी भरले आणि आजच्या मुलामुलींना तशी जागा कशी मिळू शकेल, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

आवासदानाची वाट

घराशी असलेल्या नात्यावरूनच आपल्या शास्त्रकारांनी माणसांचे दोन वर्ग सांगितले आहेत. घरात राहून धर्म पाळणारा तो सागार. घर सोडून निघालेला तो अनगार. अनगाराला स्वतःचे छप्पर नसते, म्हणून त्याच्या निवासाची व्यवस्था करणे हे सागाराचे कर्तव्य ठरले. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात वैयावृत्त्याचे चार प्रकार सांगताना आहार, औषध आणि उपकरण यांच्या जोडीला आवासाचे दान सांगितले आहे. मूळ संदर्भ त्यागी-व्रतींच्या सेवेचा आहे. मात्र विद्येसाठी घर सोडून निघालेल्या मुलालाही त्याच भावनेने आसरा द्यावा, असे पुढे समाजातील काही द्रष्ट्या माणसांना वाटले.

शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी (१८५१–१९१४) हे त्यांतील अग्रणी. मोत्यांच्या व्यापारात मिळवलेल्या संपत्तीतून त्यांनी मुंबईत आपल्या वडिलांच्या नावाने विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग उभारले आणि सी. पी. टँकजवळ हिराबाग धर्मशाळा बांधली. दक्षिण महाराष्ट्रात १८९९ मध्ये दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. शेतकरी समाजातील मुलांनी शिकावे, हा तिचा आग्रह होता. मुले शिकायची तर त्यांना शहरात राहायला जागा हवी, हे ओघानेच आले.

याच सुमारास कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी वसतिगृहांची चळवळ सुरू केली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग स्थापन झाले; त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंगही उभे राहिले. पुढे लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानल्या गेलेल्या आणि इतर अनेक समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे निघाली. महाराजांनी जागा दिल्या, इमारतींना साहाय्य केले, वार्षिक अनुदाने दिली. ‘वसतिगृहांची जननी’ हे कोल्हापूरचे बिरुद त्यातून आले. शाळा काढली, फी माफ केली, तरी खेड्यातले मूल शहरात मुक्काम करू शकले नाही तर सारे व्यर्थ, हे महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. शिरोळच्या त्या गृहस्थांचा प्रश्न तोच होता.

पुण्यात त्या काळी गरीब विद्यार्थी माधुकरी मागून किंवा वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. पोट असे भरे. पण रात्री अंथरूण कोठे टाकायचे, हा प्रश्न उरेच. १९०९ साली तेथे स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाने अशा मुलांना आसरा दिला. मुंबईत आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने महावीर जैन विद्यालय उभे राहिले. विद्यार्थ्यावर झालेला खर्च कर्ज मानावा आणि कमावता झाल्यावर त्याने तो परत करावा, अशी पद्धत त्या संस्थेने रुजवली. तिच्यामुळे घेणाऱ्याची मान खाली जात नाही आणि मागून येणाऱ्याचीही सोय होते.

दार कोणासाठी उघडे?

या परंपरेचा गौरव करताना तिच्यातील एक बोचरी आठवण झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कुंभोज येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी जन्मलेला एक जैन मुलगा शिक्षणासाठी कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहत होता. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभाला तो गेला. परत आल्यावर स्नान करूनच पंगतीला बसावे, असे त्याला सांगण्यात आले. त्याने नकार दिला आणि बोर्डिंगातील त्याची जागा गेली.

तो मुलगा म्हणजे भाऊराव पायगोंडा पाटील, पुढे महाराष्ट्राने ज्यांना कर्मवीर म्हटले ते. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उघडले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एका छपराखाली राहत, एका पंगतीत जेवत. मुलांनी स्वयंपाक करावा, शेतात राबावे आणि श्रमातून आपल्या शिक्षणाचा भार उचलावा, ही शिस्त होती. पैसा संपला तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले. अखेरीस मंगळसूत्रही त्यातून सुटले नाही.

एका वसतिगृहाचे दार बंद झाले म्हणून त्या माणसाने हजारोंसाठी दारे उघडली. आज आपल्या एखाद्या वसतिगृहात खाटा रिकाम्या असताना गावातील दुसऱ्या समाजाचे गरजू मूल परत पाठवले जात असेल, तर १९०८ मधील ती घटना विश्वस्तांनी आठवावी. आहाराचे आणि दिनचर्येचे नियम सर्वांना सारखे ठेवता येतात.

आजचे मार्ग

आता व्यवहाराकडे वळू. अल्पखर्चात राहण्याची सोय आजही होऊ शकते. मात्र तिची माहिती वेळेवर मिळावी लागते आणि धावपळ निकालापूर्वीच सुरू करावी लागते.

पहिला मार्ग समाजाच्या वसतिगृहांचा. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पुणे, मुंबई अशा शहरांत जैन विश्वस्त संस्थांची वसतिगृहे आहेत. त्यांचे अर्ज बहुधा मे-जूनमध्ये निघतात. अभियांत्रिकी, औषधनिर्माण अशा अभ्यासक्रमांच्या प्रवेशफेऱ्या त्यानंतर बराच काळ चालतात आणि पालक प्रवेश पक्का होण्याची वाट पाहत थांबतात. तोवर खाटा भरून जातात. म्हणून जेथे प्रवेश मिळण्याची शक्यता आहे त्या शहरांतील वसतिगृहांकडे आधीच अर्ज करावा आणि प्रवेशाचा पुरावा नंतर चालेल का, हे कार्यालयात विचारून घ्यावे.

दुसरा मार्ग, जात-धर्म न पाहता गरज पाहणाऱ्या संस्थांचा. पुण्यातील विद्यार्थी सहाय्यक समिती हे त्याचे उत्तम उदाहरण. अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने १९५५ मध्ये सुरू झालेली ही संस्था ग्रामीण भागातील होतकरू मुलामुलींना अल्प शुल्कात राहण्या-जेवण्याची सोय देते. अशा संस्थांत मुलाखत होते. तेथे घरची परिस्थिती लपवू नये आणि फुगवूनही सांगू नये.

तिसरा मार्ग शासनाचा. समाजकल्याण, आदिवासी विकास आणि इतर मागास बहुजन कल्याण विभागांची वसतिगृहे आपापल्या प्रवर्गांसाठी आहेत. अल्पसंख्याक विकास विभागाची मुलींसाठी वसतिगृहे आहेत. २०१४ मध्ये जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. त्यामुळे आपल्या मुलींनी तेथेही जरूर चौकशी करावी. ज्यांना खाट मिळत नाही त्यांच्यासाठी निर्वाह भत्ता आहे. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना, अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आणि इतर मागास, भटक्या-विमुक्त प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. रकमा आणि अटी बदलत असतात. म्हणून चालू वर्षाचा शासननिर्णय महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती कक्षातून पाहून घ्यावा.

चौथा मार्ग श्रमाचा. विद्यापीठांत ‘कमवा व शिका’ योजना आहेत. त्यांतून ग्रंथालय, कार्यालय, उद्यान येथे काही तास काम करून मानधन मिळते आणि खोलीचा भार हलका होतो. शहरांत एकटी राहणारी वृद्ध दांपत्ये वाढत आहेत. त्यांची मुले परगावी वा परदेशी असतात. औषधे आणून देणे, बँकेत सोबत जाणे, रात्री घरात कोणीतरी असणे, एवढ्याची त्यांना गरज असते. ओळखीच्या, खात्रीच्या घरी अशी सोय होऊ शकते. फक्त कामाचे तास, अभ्यासाची वेळ आणि पाहुण्यांविषयीचे नियम पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दोन्ही बाजूंनी सही करावी. संकोचापोटी हे टाळले, तर विद्यार्थ्याचा घरगडी व्हायला वेळ लागत नाही.

पाचवा मार्ग, चार मित्रांनी मिळून घर भाड्याने घेण्याचा. येथे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार ती नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. भत्त्याच्या अर्जासाठीही निवासाचा पुरावा लागतो.

कागदपत्रांची एक धारिका एप्रिलमध्येच तयार ठेवावी: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, गुणपत्रिका, सात-बारा उतारा किंवा मजूर नोंदणी, प्रवर्ग असल्यास त्याचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते. ‘खाट मिळवून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्या मध्यस्थाच्या वाटेला जाऊ नये. जागा न पाहता आणि पावती न घेता कोणालाही अनामत देऊ नये.

नियमांचे मोल

अल्पखर्ची निवासाला एक किंमत असते. ती पैशांत मोजली जात नाही इतकेच. पहाटे उठणे, सूर्यास्तापूर्वी जेवण, ठरल्या वेळी फाटक बंद, आठवड्याला सफाईची पाळी. मला त्या वयात हे सारे जाचाचे वाटे. आज वाटते, चौघांच्या खोलीत दिवा कधी मालवायचा यावर एकमत करता करता आम्ही जे शिकलो, ते पुस्तकात नव्हते. मुलांना पाठवण्यापूर्वी पालकांनी नियम त्यांच्यासमोर वाचावेत. व्यवस्थापनानेही नियम ठेवताना काळ ओळखावा: प्रयोगशाळा सायंकाळी सातला सुटत असेल, तर सूर्यास्तानंतर पोहोचणाऱ्या मुलीला उपाशी झोपवणे हा धर्म नव्हे.

मुलींचा प्रश्न वेगळा सांगायला हवा. माणिकचंदांच्या कन्या मगनबाई स्वतः तरुण वयात विधवा झाल्या. त्यांनी मुंबईत श्राविकाश्रम चालवून निराधार स्त्रियांना आसरा आणि शिक्षण दिले. सोलापूरच्या पंडिता सुमतीबाई शहा यांनी तीच वाट पुढे नेली. एवढा वारसा असूनही आपल्या कित्येक शहरांत मुलांसाठी बोर्डिंग आहे आणि मुलींसाठी नाही. मुलाची सोय झाली नाही तर तो कोठेतरी पथारी टाकतो. मुलीची झाली नाही तर तिचे शिक्षणच थांबते.

सारेच नव्याने बांधावे लागेल असे नाही. आपल्याच माणसांची शहरांतील घरे कुलूपबंद पडून असतात, धर्मशाळांतील खोल्या यात्रेचे दिवस सोडले तर रिकाम्या असतात. मंदिराच्या वार्षिक सभेत जसा जमाखर्च वाचला जातो, तसा रिकाम्या खोल्यांचाही हिशेब वाचला जावा. वसतिगृहात राहून शिकलेल्या प्रत्येकाने एका खाटेचा वार्षिक खर्च उचलला, तर आपल्याला मिळालेले ते कर्ज काही अंशी फिटेल.

शिरोळच्या त्या मुलीला अखेर जागा मिळाली. महाविद्यालयाजवळच्या एका वसतिगृहात शेवटची खाट शिल्लक होती. अर्जाची मुदत संपायला दोन दिवस उरले होते, आणि ही माहिती कळली ती केवळ तिच्या शाळेतील बाईंनी चौकशी केली म्हणून. दोन दिवस उशीर झाला असता तर ती आज घरीच असती. या दिवाळीत ती भेटायला आली, तेव्हा तिने एक यादी हाती ठेवली. पुण्यातील अकरा वसतिगृहे, त्यांच्या अर्जाच्या तारखा आणि लागणारी कागदपत्रे, सारे सुवाच्य अक्षरात. म्हणाली, “सर, ही तुमच्या शाळेच्या फलकावर लावा. पुढच्या वर्षी कुणाला तरी उपयोगी पडेल.”

यादी फलकावर लावली आहे. आपल्या गावच्या शाळेत आणि मंदिरात अशी एक यादी यंदाच्या एप्रिलपूर्वी लागावी, एवढीच वाचकांना विनंती.