गाडीखालचा काळा डाग

आमच्या बचत गटाची जुनी ओम्नी तुमच्यापैकी कित्येकींनी बाजारात पाहिली असेल. पापड, मसाले, भाजी, सगळं तिच्यातूनच जातं. पावसाळा संपला आणि गाडी जिथं उभी राहील तिथं काळा डाग पडायला लागला. चालवणाऱ्या वहिनींना सीटखालून जळकट वासही यायचा. तालुक्याच्या एका गॅरेजात दाखवली, तर उत्तर मिळालं, "इंजिन खोलावं लागेल." सांगितलेला आकडा गटाच्या दोन महिन्यांच्या बचतीएवढा होता. आम्ही गाडी परत आणली.

पहिल्यांदा आम्ही चुकलो, तेही सांगतो. थेंब खालच्या चेंबरवरून पडत होता, म्हणून चेंबरलाच एम-सील थापलं. दोन दिवसांत डाग पुन्हा हजर. मग एक मावशी म्हणाल्या, "अगं, कौल फुटतं एकीकडं आणि पाणी टपकतं दुसरीकडं." तसंच होतं ते. ऑइल वर कुठंतरी निघतं, इंजिनाच्या अंगावरून ओघळतं आणि सगळ्यात खालच्या जागी येऊन टपकतं.

म्हणून आधी गळतीचं मूळ शोधायचं. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, सीट उचलली की वरचा भाग दिसतो. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून उभी करा. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. जुनं तेल आणि धूळ चिंधीनं पुसून काढा. हट्टी मळाला थोडं डिझेल चालतं, पेट्रोल मात्र हातात घेऊ नका, ते लगेच पेट घेतं. कोरडं झालं की संशयाच्या जागी तोंडाला लावायची पावडर भुरभुरवा आणि इंजिन दहा मिनिटं चालू ठेवा. पदर, ओढणी, केस फिरणाऱ्या पट्ट्यापासून लांब. बंद केल्यावर पाहिलं तर पांढऱ्या पावडरीवर काळी रेघ उतरलेली, आणि ती निघत होती टॅपेट कव्हरच्या मागच्या कडेतून.

टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण. त्याखाली रबराचं पॅकिंग असतं. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन ते कडक होतं. आमचं तर काढताना पापडासारखं मोडलं! ओम्नीचं उत्पादन २०१९ साली थांबलं, पण पॅकिंग सुट्या भागांच्या दुकानात मिळतं. नटाखालचे रबरी वायसरही नवेच घ्या.

इंजिन गार असताना वरचा हवेचा पाइप आणि नट काढून झाकण उचललं. आत तुकडा पडू नये म्हणून उघड्या भागावर स्वच्छ, धागे न सुटणारं कापड ठेवलं. जुनं पॅकिंग लाकडी काडीनं खरवडलं. लोखंडी वस्तूनं ओरखडा पडला की तिथूनच पुन्हा गळतं. दोन्ही कडा कोरड्या पुसल्या, कापड आठवणीनं काढलं, नवं पॅकिंग खाचेत बसवलं. नट आळीपाळीनं, थोडे थोडे आवळले. इथं जोर दाखवायचा नाही. जास्त आवळलं की झाकण वाकतं आणि पॅकिंग चिरडतं.

तो हवेचा पाइपही तपासा. तो मळानं तुंबला तर आतला दाब बाहेर पडत नाही आणि तेलाला कडेतून ढकलतो. नवं पॅकिंगही मग टिकत नाही. आमचा अर्धा तुंबलेला होता.

शेवटी ऑइलची पट्टी पुसून पुन्हा बुडवून पाहिली. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. कमी असेल तर थोडं थोडं घाला, वरच्या खुणेपलीकडं नको. तेलकट चिंध्या चुलीत घालू नका.

सगळीच गळती घरची नाही. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडातून तेल येत असेल तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, ते काम मिस्त्रीचंच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये. आणि चालवताना ऑइलचा लाल दिवा लागला तर बाजार चुकला तरी चालेल, तिथंच इंजिन बंद करा.

रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा सरकवून ठेवला. सकाळी वहिनींनी तो ओढून काढला, उन्हात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला आणि मग पापडांचे डबे गाडीत चढवले.