कोवळ्या पेशीच्या मागावर

मुंबई-नाशिक महामार्गावर वडपे ओलांडताना गोदामांच्या पत्र्यांची रांग संपता संपत नाही. माजिवड्यापासून वडप्यापर्यंत रस्त्याचं रुंदीकरण, आमण्याजवळ समृद्धी महामार्गाचं टोक, भोवती नवी बांधकामं. म्हणजे क्युरिंगसाठी साठवलेलं पाणी, उघड्या टाक्या, आणि बाहेरगावाहून आलेले हमाल, ड्रायव्हर, गवंडी. ॲनोफिलीस स्टीफेन्सी हा शहरात रुळलेला डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. हुडहुडी भरून ताप आला की बोट टोचून रक्त काचपट्टीवर घेतलं जातं, आणि रिपोर्टवर ‘पीव्ही’, म्हणजे प्लाझ्मोडियम विवॅक्स, लिहून आलं की घरचे म्हणतात, चला, साधा मलेरिया आहे. मलेरियाचा दुसरा प्रकार, फाल्सिपेरम, मेंदूवर जाऊन माणूस दगावू शकतो, त्यामुळे हा दिलासा समजण्यासारखा आहे. पण ‘साधा’ या शब्दामागे एक गृहीत दडलेलं असतं: रक्तात परजीवी थोडे, म्हणून आजार थोडा. हे गृहीत चुकीचं आहे असं माझं ठाम मत आहे. विवॅक्स रक्तात विरळ दिसतो कारण तो पेशी निवडून घेतो. या निवडीमुळेच तो टिकतो, आणि त्याची दुखरी जागाही तिथेच आहे.

काचपट्टीवर एका बाजूला रक्ताचा जाड थर असतो, दुसऱ्या बाजूला पातळ. सरकारी प्रयोगशाळांत त्यावर बहुधा जेएसबी रंग चढवतात. हे जसवंतसिंग आणि भट्टाचार्जी यांच्या नावांचं लघुरूप. तेलाच्या भिंगाखाली जाड थराची शंभर क्षेत्रं पाहिल्याशिवाय ‘निगेटिव्ह’ लिहायचं नाही असा दंडक आहे. प्रजात ओळखायला मग पातळ थर. रंग नीट चढला असेल तर विवॅक्सची पेशी लगेच डोळ्यांत भरते: शेजारच्या पेशींपेक्षा मोठी, फिकट, आत गुलाबी ठिपक्यांची पखरण आणि मधे वेडावाकडा पसरलेला निळसर जीव, त्यावर तांबडा ठिपका. पेशी मोठी दिसण्याला दोन कारणं आहेत. परजीवी तिला फुगवतो हे एक. दुसरं असं की त्याने मुळातच कोवळी, म्हणजे आकाराने थोडी मोठी पेशी निवडलेली असते. अस्थिमज्जेतून नुकतीच रक्तात आलेली ही पेशी, रेटिक्युलोसाइट, दीड-दोन दिवसांत प्रौढ होते. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, त्यामुळे निरोगी माणसाच्या रक्तात कोवळ्या पेशींचं प्रमाण एक-दोन टक्क्यांच्या आसपासच राहतं. फाल्सिपेरमला कोवळी-जून सगळीच पेशी चालते. विवॅक्सने आपलं शेत इतकं लहान का ठेवलं असेल?

उत्तरासाठी पेशीत शिरण्याची क्रिया जवळून पाहायला हवी. फुटलेल्या पेशीतून बाहेर पडलेला परजीवी, मेरोझॉइट, जेमतेम दीड मायक्रॉनचा, आणि लाल पेशी साडेसात मायक्रॉनची. आधी तो कुठल्याही बाजूने पेशीला चिकटतो. पेशीचा पडदा हेलकावतो, आणि मेरोझॉइट आपलं टोकदार तोंड पडद्याकडे वळवतो. त्या टोकाशी असलेल्या पिशव्यांतून प्रथिनं सुटतात. त्यांतलं एक तो थेट पेशीच्या पडद्यात रोवतो आणि स्वतःच्या अंगावरच्या दुसऱ्या प्रथिनाने ते घट्ट पकडतो. पकडायचा आकडा यजमानाचा नाही, त्याने स्वतः आणलेला! मग दोघांमधला सांधा, हातावरून बांगडी सरकावी तसा, टोकाकडून मागे सरकत जातो आणि आतल्या ॲक्टिन-मायोसिनच्या जोरावर परजीवी आत ओढला जातो. सांधा जुळल्यावर हे सारं अर्ध्या मिनिटाच्या आसपास उरकतं. उघड्यावर तो इतका थोडा वेळ असतो की प्रतिपिंडांना त्याला गाठायची संधी तेवढीच.

सांधा जुळण्याआधी मात्र पेशीची ओळख पटावी लागते. लुईस मिलर आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली माकडांच्या नोलेसी मलेरियावर काम करताना एक गोष्ट पाहिली. ज्या माणसांच्या लाल पेशींवर डफी हा रक्तगटाचा रेणू नसतो, त्यांच्या पेशीला परजीवी चिकटतो, तोंडही वळवतो, पण आत जाऊ शकत नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवलं की विवॅक्सलाही हाच रेणू लागतो. पश्चिम आफ्रिकेत विवॅक्स इतका कमी का, याचा उलगडा त्यातून झाला. परजीवीकडचा कोणता तुकडा डफीला धरतो, हे १९९४ मध्ये चेतन चिटणीस आणि मिलर यांनी ओळखलं. पण डफी प्रौढ पेशींवरही असतो, मग कोवळीच का? त्याचं उत्तर २०१८ मध्ये मेलबर्नच्या वाय-हाँग थाम यांच्या गटाने दिलं. विवॅक्सचं आणखी एक प्रथिन ट्रान्सफेरिन रिसेप्टरला धरतं. हा रिसेप्टर पेशीत लोह नेतो आणि पेशी प्रौढ होताना तो टाकून दिला जातो. म्हणजे कोवळेपणाची खूण आणि डफी, दोन्ही जुळली तर प्रवेश. फाल्सिपेरमची सलग पैदास १९७६ पासून प्रयोगशाळेत होते. विवॅक्सची अजून होत नाही, कारण ताज्या कोवळ्या पेशी सतत पुरवणं जमत नाही.

यावर कोणी म्हणेल, शेत लहान तर पीकही लहान. मग आजार सौम्यच. बोटातल्या रक्तापुरतं पाहिलं तर हे पटतं. पण कोवळ्या पेशींचा साठा प्लीहेत आणि अस्थिमज्जेतही असतो. इंडोनेशियातल्या पापुआमध्ये काही कारणांनी प्लीहा काढाव्या लागलेल्या लोकांच्या प्लीहा तपासल्या. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, लक्षणं नसलेल्या माणसांतही विवॅक्सच्या एकूण परजीवींपैकी ९८ टक्क्यांहून अधिक प्लीहेत सापडले. काचपट्टीवर दिसतो तो उरलासुरला अंश. शिवाय विवॅक्समध्ये एका बाधित पेशीमागे कितीतरी निरोगी पेशी नष्ट होतात, म्हणून परजीवी थोडे असूनही हिमोग्लोबिन झरझर उतरतं. आधीच रक्त कमी असलेल्या बाईला किंवा पाठीवर पोती वाहणाऱ्याला हा ‘साधा’ ताप महिनोन्‌महिने पुरतो. हल्ली झटपट तपासणीची किट आहेत, काचपट्टीवर डोळे कशाला शिणवायचे, असाही प्रश्न येतो. किट उपयोगाचीच आहेत, पण परजीवी फार विरळ असले तर रेघ उमटत नाही, आणि विरळ राहणं हाच विवॅक्सचा स्वभाव. म्हणून शंभर क्षेत्रांचा दंडक पाळणाऱ्या तंत्रज्ञाचं काम मला फार मोलाचं वाटतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. २०१० मध्ये मादागास्करमध्ये डफी नसलेल्या माणसांतही विवॅक्स सापडला. मग डफीचा सिद्धांत कोसळला का? त्याच पाहणीत डफी असलेल्यांमध्ये प्रत्यक्ष आजार कितीतरी जास्त होता. म्हणजे दुसरी वाट आहे, पण अरुंद. आपल्या बाबतीत तर प्रश्न आणखी सोपा आहे, कारण भारतात जवळजवळ सगळ्यांच्याच पेशींवर डफी असतो. मुख्य वाटेवरच पहारा बसवणं म्हणूनच शहाणपणाचं. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणारी आर-२१ लस फाल्सिपेरमसाठी आहे आणि यकृतात जाणाऱ्या अवस्थेवर नेम धरते; विवॅक्सवर ती चालत नाही. डफीला धरणाऱ्या तुकड्यावर आधारलेली लस ऑक्सफर्डमध्ये स्वयंसेवकांवर तपासली गेली. २०२३ च्या निष्कर्षांनुसार, डोसांमध्ये मोठं अंतर ठेवलेल्या गटात परजीवींच्या वाढीचा वेग सुमारे निम्मा झाला. निम्म्याने आजार थांबत नाही, हे खरं. पण शिरण्याचा क्षण अडवता येतो याचा माणसात मिळालेला हा पुरावा आहे.

तोवर हाताशी आहेत त्या जुन्याच गोळ्या. क्लोरोक्विन तीन दिवसांत रक्तातले परजीवी संपवतं. विवॅक्सचे काही परजीवी यकृतात झोपून राहतात; त्यांच्यासाठी प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावं लागतं. जी-सिक्स-पीडी हे विकर कमी असेल तर त्याच गोळीने लाल पेशी फुटतात, म्हणून ती देण्याआधी या विकराची तपासणी व्हायला हवी. ताप तिसऱ्या-चौथ्या दिवशीच उतरतो, आणि वडप्याच्या गोदामातला माणूस पाचव्या दिवशी दुसऱ्या ट्रकबरोबर दुसऱ्या जिल्ह्यात असतो, उरलेल्या गोळ्या खिशात आणि झोपलेले परजीवी यकृतात.