माहिती पोचली, पण पुढे काय?

अपुऱ्या दिवसांच्या बाळाची पहिली लढाई श्वासाची असते. फुप्फुसांतील चिमुकल्या वायुकोशांना आतून एक पातळ थर असतो, त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. साबण ज्याप्रमाणे पाण्याचा पृष्ठताण कमी करतो, त्याचप्रमाणे हा थर वायुकोशांतील ओलाव्याचा पृष्ठताण कमी करतो. त्यामुळे श्वास सोडल्यावर वायुकोश मिटून चिकटत नाहीत. हा थर गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत पुरेसा तयार होतो. घाईने जन्मलेल्या बाळाजवळ तो नसतो.

न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे ग्रॅहम लिगिन्स हे संशोधक मेंढ्यांवर प्रयोग करत होते. प्रसूती कशामुळे सुरू होते, हा त्यांचा मूळ प्रश्न. गर्भाला स्टेरॉइड दिल्यावर वेळेच्या बऱ्याच आधी जन्मलेली कोकरे श्वास घेताना दिसली. खरे तर ती जगण्याची आशा नव्हती! मग लिगिन्स आणि बालरोगतज्ज्ञ रॉस हाउई यांनी २८२ मातांवर चाचणी घेतली आणि १९७२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. वेळेआधी प्रसूत होण्याची शक्यता असलेल्या आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले, तर बाळाला श्वासाचा त्रास कमी होतो आणि मृत्यूही कमी होतात, असे त्यात आढळले.

औषध स्वस्त होते आणि पुरावाही होता. पुढच्या वीस वर्षांत निरनिराळ्या देशांत आणखी चाचण्या झाल्या. तरीही बहुतेक मातांना हे इंजेक्शन मिळाले नाही. एकेक चाचणी लहान, कुठल्यातरी नियतकालिकात छापलेली. सगळ्या एकत्र मांडून बराच काळ कोणी पाहिल्या नव्हत्या. आर्ची कॉक्रेन या ब्रिटिश डॉक्टरांची नेमकी हीच तक्रार होती, की वैद्यकाने आपल्याच चाचण्यांचा हिशोब ठेवलेला नाही. त्यांच्या निधनानंतर १९९३ साली इयन चाल्मर्स आणि अनेक देशांतील सहकाऱ्यांनी ‘कॉक्रेन कोलॅबोरेशन’ स्थापन केले. जगभरचे संशोधक एकेका उपचाराबद्दलच्या चाचण्या शोधतात, तपासतात, एकत्र मांडतात आणि तो आढावा प्रसिद्ध करतात, अशी ही बिरादरी. स्टेरॉइडच्या सात चाचण्यांचा आलेख हेच तिचे बोधचिन्ह आहे. एकेका चाचणीसाठी एकेक आडवी रेघ, आणि खाली सर्वांचा मिळून एक छोटा चौकट.

अशा आंतरराष्ट्रीय ज्ञानबिरादऱ्या आरोग्यधोरणात आता पुष्कळ आहेत. त्यांच्यावर पैसा खर्च होतो, सरकारे त्यांच्या आधारे नियम करतात. मग त्यांचे मूल्यमापन कसे करायचे? सभासद किती, देश किती, अहवाल किती वाचले गेले, हे मोजणे सोपे असते आणि म्हणूनच ते मोजले जाते. (आपल्याकडच्या प्रशिक्षण शिबिरांचा अहवालही उपस्थितीच्या आकड्यावरच संपतो, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.) पण माहितीचा प्रवास त्याच्याही पुढे असतो. ती कळली का, कळल्यावर कोणी वागणे बदलले का, आणि वागणे बदलल्याने बाळे वाचली का, हे तीन निराळे प्रश्न आहेत. एकाचे उत्तर ‘हो’ आले म्हणून पुढच्याचे तसेच येईल असे नाही. हे नुसते तर्काने म्हणत नाही. तिन्ही ठिकाणी प्रत्यक्ष मोजणी झालेली आहे.

पहिली मोजणी मेक्सिको आणि थायलंडमधली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ पासून गरीब देशांतील डॉक्टरांसाठी प्रजनन-आरोग्याचा एक ज्ञानसंग्रह काढायला सुरुवात केली. त्यात कॉक्रेनचे आढावे आणि ते स्थानिक परिस्थितीत कसे लावावेत याची टिपणे असत. याचा उपयोग होतो का, हे पाहण्यासाठी मेक्सिको शहरातील २२ आणि ईशान्य थायलंडमधील १८ रुग्णालये निवडली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांतील काही रुग्णालयांत या संग्रहाच्या कार्यशाळा घेतल्या, बाकीच्यांत नाही. निष्कर्ष २००७ साली छापले गेले. संग्रह माहीत असणाऱ्यांचे प्रमाण मेक्सिकोत सुमारे २५ टक्क्यांवरून ६५ च्या वर गेले, थायलंडमध्ये सुमारे ३४ वरून ८३ वर. एखाद्या प्रकल्प अहवालाला एवढे पुरले असते. परंतु संशोधकांनी प्रसूतिकक्षात प्रत्यक्ष काय होते तेही मोजले. कळा येत असताना सोबतीला माणूस असू देणे, सिझेरियनच्या वेळी प्रतिजैविक देणे, गरज असेल तिथे स्टेरॉइड देणे अशा दहा गोष्टी होत्या. त्यांत सातत्याने दिसेल असा, म्हणण्याजोगा फरक पडला नाही.

असे का व्हावे? माझ्या मते, कार्यशाळेला बसलेला डॉक्टर यातील बऱ्याच गोष्टी एकटा ठरवूच शकत नाही. एका खोलीत सहा खाटा असतील तर सोबतीला माणूस बसणार कुठे? औषध कोठीत नसेल, वरिष्ठांची जुनी रीत असेल, तर नव्या ज्ञानाचे काय होणार?

दुसरी मोजणी अमेरिकेतली, आणि मला ती सर्वांत शिकवण्याजोगी वाटते. तिथे १९९४ साली तज्ज्ञांच्या राष्ट्रीय परिषदेने स्टेरॉइडची शिफारस केली. त्यानंतर २७ मोठ्या रुग्णालयांचे दोन गट केले. एका गटाला शिफारस नेहमीच्या मार्गाने, म्हणजे छापील पत्रकांतून वगैरे पोचली. दुसऱ्या गटात मात्र खास प्रयत्न केले. रुग्णालयातल्याच मान असलेल्या डॉक्टर-परिचारिकांना पुढे केले, केसपेपरवर आठवणीच्या चिठ्ठ्या लावल्या, चर्चा घेतल्या, झालेल्या कामाचे आकडे परत दाखवले. दुसऱ्या गटात स्टेरॉइडचा वापर सुमारे ३३ टक्क्यांवरून ६८ वर गेला. दुप्पट! पण पहिल्या गटातही तो ३३ वरून ५८ वर गेलाच होता. म्हणजे खास प्रयत्नांच्या पदरात टाकायचे ते ३५ टक्के नव्हेत, जेमतेम दहा. तुलनेचा गट नसता तर सगळे श्रेय एकाच कार्यक्रमाने घेतले असते. विज्ञानाच्या तासाला आपण खत घातलेल्या रोपाशेजारी बिनखताचे रोप ठेवतो, ते याचसाठी. धोरणाच्या क्षेत्रात हे दुसरे रोप ठेवायला फारसे कोणी तयार नसते.

तिसरी मोजणी आपल्या जवळची आहे. श्रीमंत देशांतील रुग्णालयांत जे सिद्ध झाले ते गरीब देशांत गावपातळीवर नेले तर असंख्य बाळे वाचतील, हा हिशोब सरळ वाटत होता. २०१४ साली भारत सरकारनेही मुदतपूर्व कळा आलेल्या स्त्रीला रुग्णालयात पाठवण्याआधी पहिला डोस देण्याची मुभा एएनएमना दिली. दरम्यान अर्जेंटिना, ग्वाटेमाला, केनिया, पाकिस्तान, झांबिया आणि भारतात एक मोठी चाचणी चालू होती. भारतातील केंद्रे नागपूर आणि बेळगाव. आरोग्य कर्मचाऱ्यांना मुदतपूर्व प्रसूती ओळखायला शिकवले आणि औषधाचे संच दिले. तारीख माहीत नसेल तर पोटाची उंची मोजून दिवसांचा अंदाज घेण्यासाठी रंगीत टेप दिली. जवळपास एक लाख जन्मांची नोंद झाली.

सर्वांत कमी वजनाच्या बाळांच्या मातांमध्ये औषध मिळण्याचे प्रमाण तुलनेच्या गटात १० टक्के होते, ते इथे ४५ टक्के झाले. म्हणजे माहिती पोचली होती, वागणेही बदलले होते. आणि बाळे? २०१५ साली निष्कर्ष आले. या लहान बाळांच्या मृत्यूंत फरक नव्हता. सगळ्या जन्मांचा विचार केला तर पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू तुलनेच्या गटात दर हजारी २३.९ होते, तर औषधाच्या गटात २७.४. आयांमध्ये जंतुसंसर्गाची शंकाही जास्त आढळली. ज्यांना इंजेक्शन मिळाले त्यांतील बहुसंख्य स्त्रियांची बाळे तितकी लहान नव्हतीच. ज्यांना गरज नव्हती त्यांना औषध गेले. शिवाय बाळाचा श्वास सुधारला तरी त्याला ऊब, दूध आणि संसर्गापासून संरक्षण देणारी व्यवस्था हवी. जुन्या चाचण्यांतील रुग्णालयांत ती गृहीतच होती, म्हणून आढाव्यात कोणाला दिसली नाही.

ज्ञानबिरादरीची खरी परीक्षा मला इथे दिसते. बोधचिन्हावर मिरवलेल्या निष्कर्षाला नागपूर, बेळगावसारख्या ठिकाणांहून आलेले हे उत्तर तिने ऐकले का? ऐकले, असे म्हणायला आधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या शिफारशीत अटी घातल्या: गर्भाचे दिवस नक्की ठाऊक हवेत, आईला संसर्ग नको, प्रसूतीची आणि नवजात बाळाची नीट काळजी घेण्याची सोय हवी. मग या अटी पाळणाऱ्या २९ रुग्णालयांत नव्याने चाचणी घेतली. ती भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया आणि नायजेरियातली, २८५२ स्त्रियांची. दिवस सोनोग्राफीने मोजले होते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नवजात मृत्यूंचे प्रमाण औषध न मिळालेल्या गटात २३.५ टक्के आणि मिळालेल्या गटात १९.६ टक्के निघाले. फायदा इतका स्पष्ट होता, की चाचणी ठरल्यापेक्षा आधीच थांबवली गेली.

अडचण उरते ती वेळेवर सोनोग्राफी न झालेल्या स्त्रियांची. त्यांचे दिवस शेवटच्या पाळीवरून मोजावे लागतात, आणि ती तारीख पुष्कळदा ‘संक्रांतीच्या आधी की नंतर’ अशी आठवून सांगितलेली असते.