खिशातल्या कॅमेऱ्याची मुखत्यारी

खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा विकत घेणाऱ्या गृहस्थाला यंत्राबरोबर एक माहितीपुस्तिकाही लाभते, आणि ती बहुधा एकदा चाळली जाऊन कपाटाच्या तळाशी जाऊन पडते; यात दोष सर्वस्वी त्या गृहस्थाचा नाही. पुस्तिकेत सोयींची नामावळी सविस्तर असते, कोणती कळ दाबली असता पडद्यावर काय उमटते याचे वर्णन इमानेइतबारे केलेले असते. परंतु या सोयींपैकी रोजच्या उपयोगाच्या कोणत्या, केवळ जाहिरातीच्या शोभेसाठी घातलेल्या कोणत्या, आणि यंत्राने परस्पर घेतलेला निर्णय मान्य करावा केव्हा व तो बेलाशक फिरवावा केव्हा, या ज्या खऱ्या अडचणीच्या बाबी, त्यांविषयी ती मौन पाळते. परिणामी बहुसंख्य लोक कॅमेऱ्याच्या माथ्यावरील चकती एकदा ‘ऑटो’वर आणून ठेवतात आणि पुढे त्या कॅमेऱ्याचे आयुष्य संपेतो तिला हात लावीत नाहीत. हे म्हणजे मिळकतीचे कुलमुखत्यारपत्र दुसऱ्याच्या नावे लिहून देऊन आपण परगावी जाऊन राहण्यासारखे झाले: मुखत्यार कितीही प्रामाणिक असला, तरी मालकाच्या मनातली गोष्ट त्याला कळणार कशी?

बोलणे मोघम होऊ नये म्हणून एक विशिष्ट यंत्र समोर ठेवतो. सोनी कंपनीने २०१२ साली बाजारात आणलेला ‘आरएक्स १००’ हा कॅमेरा बॅटरी व कार्ड यांसह अवघा २४० ग्रॅम वजनाचा. डोळ्याला लावण्याची खिडकी त्याला नाही, मागील तीन इंची पडद्याकडे पाहूनच चित्राची चौकट ठरवावी लागते. तो आला तो काळ लहान कॅमेऱ्यांना पडता होता. २०१० साली जगभरात बारा कोटींच्या घरात डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते व त्यांतील बहुतेक सारे याच लहान जातीचे होते. पण लगोलग भ्रमणध्वनीतील कॅमेरा सुधारत गेला आणि हा प्रचंड व्यापार पाहता पाहता ओसरला. तेव्हा, जे भ्रमणध्वनीच्या पातळ देहात बसवणे दुष्कर होते, ते म्हणजे मोठा प्रकाशसंवेदक व खरोखरच पुढेमागे सरकणारे भिंग, तेवढे देणे निर्मात्यांना भाग पडले. आपत्तीतून आलेले हे शहाणपण ग्राहकाच्या पथ्यावर पडले, असेच म्हटले पाहिजे.

कोडॅकमधील तरुण अभियंता स्टीव्हन सॅसन याने १९७५ साली जो पहिला सुटसुटीत म्हणावा असा डिजिटल कॅमेरा जुळवला, त्याचे वजन साडेतीन किलोच्या वर होते, त्याच्या चित्रात अवघे दहा हजार बिंदू असत, आणि ते कृष्णधवल चित्र ध्वनिफितीच्या कॅसेटवर नोंदण्यास तेवीस सेकंद लागत. ‘आरएक्स १००’च्या चित्रात दोन कोटींहून अधिक बिंदू असतात. पण या दोन कोटींच्या आकड्याने दिपून जाण्याचे कारण नाही. एवढ्या बिंदूंतून अठरा इंच लांब व बारा इंच रुंद असा उत्कृष्ट ठसा निघतो, आणि घरातल्या भिंतीवर याहून मोठे छायाचित्र टांगण्याचा प्रसंग क्वचितच येतो. खरा प्रश्न हे बिंदू किती जागेत दाटीवाटीने बसवले आहेत, हा आहे. सामान्य लहान कॅमेऱ्यातील संवेदक सुमारे सहा मिलिमीटर लांब व साडेचार मिलिमीटर रुंद, म्हणजे अठ्ठावीस चौरस मिलिमीटरांचा असतो; आपल्या या कॅमेऱ्यातला १३.२ बाय ८.८, म्हणजे ११६ चौरस मिलिमीटरांचा आहे. (दुकानदार यास ‘एक इंची’ म्हणतात, त्यावर विश्वास ठेवू नये, त्याची कोणतीही बाजू इंचभर नाही. जुन्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्यांतील काचनळीच्या बाह्य व्यासावरून मोजण्याची ही रूढी आजतागायत चालत आली आहे.) क्षेत्रफळ चौपट, म्हणून त्याच वेळात, तेवढ्याच उघड्या भिंगातून गोळा होणारा प्रकाशही चौपट. प्रकाश कणाकणांनी येतो आणि त्या कणांच्या येण्यात अंगभूत अनियमितपणा असतो. कण थोडे असले की हा अनियमितपणा प्रमाणाने मोठा दिसतो, व संध्याकाळी घरात काढलेल्या चित्रात गालांवर जी रंगीबेरंगी रवाळ घाण दिसते, ती याचीच. कॅमेरा घेताना बिंदूंची संख्या विचारण्याऐवजी संवेदकाचे माप विचारावे, हे बरे.

भिंगाविषयी दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या म्हणजे पुरे. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबाने त्याची पोच २८ पासून १०० पर्यंत आहे, म्हणजे एका टोकाला अरुंद खोलीतला सारा परिवार चौकटीत येतो आणि दुसऱ्या टोकाला एकट्याचा चेहरा सुरेख येतो. दुसरी गोष्ट जाहिरातीत बारीक टायपात छापलेली असते: रुंद टोकाशी भिंगाचे छिद्र एफ १.८ इतके उघडते, पण लांब टोकाशी ते एफ ४.९ च्या पुढे उघडत नाही. हा आकडा वाढतो तसा प्रकाश त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. तेव्हा रंगमंचावरील गायकाचा चेहरा जवळ आणण्यासाठी झूमची कळ शेवटपर्यंत दाबणारा रसिक आपल्या नकळत सात भागांपैकी सहा भाग प्रकाश गमावून बसलेला असतो, आणि मग चित्र हलले म्हणून यंत्राला बोल लावतो. त्याने दोन रांगा पुढे सरकावे व झूम तसेच ठेवावे, हा उपाय सर्वांत स्वस्त आहे.

आता चकतीवरील अक्षरांकडे वळू. चित्रात किती प्रकाश यावा हे छिद्राचा आकार आणि शटर उघडे राहण्याचा काळ या दोहोंवर अवलंबून असते, व मिळालेला प्रकाश किती वाढवून दाखवावयाचा हे आयएसओ या आकड्याने ठरते. ‘पी’ या अक्षरावर यंत्र छिद्र व काळ दोन्ही स्वतः ठरवते, पण इतर बाबींत मालकाचे ऐकते; ‘ए’वर छिद्र आपण ठरवावयाचे व काळ यंत्राने; ‘एस’वर याच्या उलट; आणि ‘एम’वर सर्व कारभार आपल्या हाती. हौशी लोकांत ‘एम’विषयी एक अवास्तव प्रतिष्ठेची कल्पना रूढ आहे, आणि सर्व आकडे स्वहस्ते फिरवल्यावाचून छायाचित्रण जणू अशुद्धच राहते, असे ते मानतात. प्रकाश स्थिर असेल तेव्हा, म्हणजे सभागृहात, आणि रात्रीच्या आतषबाजीच्या वेळीही ‘एम’ उपयोगी पडतो यात संशय नाही. परंतु ढगांआडून ऊन येते-जाते अशा दिवशी आकडे जुळवीत बसणाऱ्याच्या हातून प्रसंगच निसटतो. मी स्वतः कॅमेरा ‘ए’वर ठेवण्याच्या पक्षाचा आहे. भिंगाभोवतीचे कडे फिरवले की छिद्र बदलते, व अंगठा न हलवता ते करता येते, ही या यंत्राची फार सुखद योजना आहे.

छिद्र किती ठेवावे? मोठ्या कॅमेऱ्यांवर वाढलेले लोक निसर्गदृश्यासाठी एफ ११ किंवा १६ सांगतात. तो सल्ला येथे मुळीच लागू नाही. लहान संवेदकामुळे येथे चित्राची खोली आपोआपच जास्त मिळते, आणि छिद्र फार आवळले तर प्रकाशाच्या विवर्तनाने रेषा बोथट होऊ लागतात. भिंग रुंद टोकाशी, छिद्र एफ ४ वर आणि फोकस सुमारे अडीच मीटरवर ठेवला, तर सामान्य आकाराच्या ठशापुरते सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट येते. बाजारपेठेत वा जत्रेत फिरताना ही एकच मांडणी ठरवून टाकावी आणि फोकसची चिंता सोडून द्यावी. शटरविषयी जुना ठोकताळा अद्याप उपयोगी आहे: भिंगाची पोच १०० असेल तर काळ एका सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाहून मोठा नसावा. हाताचा कंप सावरणारी यंत्रणा भिंगात असल्यामुळे याहून काहीसा अधिक काळ चालतो, पण ती यंत्रणा आपला हात सावरते, समोर धावणारे मूल नव्हे. त्यासाठी १/५०० लागतो व तो मिळवण्यासाठी आयएसओ वाढवावा लागतो. १६०० पर्यंत तो निःशंकपणे वाढवावा. थोडे रवाळ चित्र पाहणाऱ्याला चालते, हललेले चालत नाही.

परंतु एकच गोष्ट शिकण्याइतकी सवड कोणाला असेल, तर त्याने वरील सर्व बाजूला ठेवून मागच्या चाकाचा खालचा भाग दाबावा. तेथे अधिक-उणे अशी खूण आहे; तिने चित्र यंत्राच्या मताहून उजळ वा काळोखे करता येते, प्रत्येक टप्पा एक तृतीयांशाचा आणि दोन्ही दिशांना तीनपर्यंत मुभा. हिची आवश्यकता कशासाठी, तर यंत्राचा प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरून चालतो. बहुतेक वेळा हे गृहीतक खरे ठरते आणि मुखत्याराचा कारभार बिनबोभाट चालतो. पण आषाढात पांढरी धोतरे, पांढरे सदरे व पांढऱ्या टोप्या यांनी भरलेली दिंडी समोर आली, की हा सारा शुभ्रपणा यंत्राला अतिप्रकाश वाटतो, ते छिद्र आवळते वा काळ घटवते, आणि चित्रातले वारकरी मळकट कपड्यांत उभे राहतात. तेथे अधिक एक करावे. याउलट काळ्या पाषाणाचे मंदिर किंवा पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी यांचे चित्र काढताना यंत्र काळ्याला करडे करू पाहते. तेथे उणे दोन तृतीयांश करावे, म्हणजे काळा काळाच राहतो. दुसरे एक पथ्य असे की, डिजिटल चित्रात जो भाग पूर्ण पांढरा होऊन फुटला तो कोणत्याही उपायाने परत येत नाही, मात्र काळोखात बुडालेला भाग बराचसा वर काढता येतो. म्हणून आभाळ महत्त्वाचे असेल तर चित्र किंचित काळोखे घेणे शहाणपणाचे. पडद्यावर प्रकाशाचा आलेख दाखवण्याची सोय आहे. त्यातील टेकडी उजव्या भिंतीला चिकटली की काहीतरी फुटले असे समजावे. भर उन्हात पडद्यावरील चित्रावरून प्रकाशाचा अंदाज घेणे व्यर्थ आहे, आलेख मात्र उन्हातही खरेच सांगतो.

रंगांच्या बाबतीतही यंत्र असेच अतिउत्साही असते. दिव्याच्या पिवळ्या प्रकाशाला दोष समजून ते त्याचे परिमार्जन करते. कार्यालयात ते इष्ट, पण दिवाळीच्या पणत्यांपुढे बसलेल्या आजीच्या चेहऱ्यावरील तांबूस उजेड त्याने पुसून टाकला तर चित्रात राहिले काय? अशा वेळी रंगसंतुलन ‘सूर्यप्रकाश’ या खुणेवर ठेवावे, म्हणजे जे डोळ्यांना दिसले त्याच्या जवळपास येते.

फोकस हे यंत्र कडांमधील उजेड-अंधाराचा फरक तपासून साधते. म्हणून कोऱ्या भिंतीवर, दाट धुक्यात किंवा काळोखात ते चाचपडत राहते. त्याच अंतरावरील एखादी ठळक कड शोधून तिच्यावर शटरची कळ अर्धी दाबून धरावी, मग चौकट हवी तशी फिरवून कळ पुरी दाबावी. फ्लॅश एका लहानशा बिजागरीवर वर येतो. तो बोटाने हलकेच मागे कलवून उजेड छताकडे सोडण्याची युक्ती अनेक जण करतात, आणि छत पांढरे व बुटके असेल तर तिचे फळ खरोखर चांगले मिळते. सरळ तोंडावर सोडलेला फ्लॅश फक्त दुपारच्या उन्हात, डोळ्यांखालच्या सावल्या घालवण्यापुरता वापरावा. पाळीव प्राणी, खाद्यपदार्थ, सूर्यास्त इत्यादी नावांनी दिलेली दृश्यांची यादी नवख्याला थोडे दिवस रमवते, पुढे तिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. डिजिटल झूम पहिल्याच दिवशी बंद करून टाकावे.

चित्र जेपेग स्वरूपात साठवावे की रॉ स्वरूपात, हा वाद हौशी मंडळीत हमखास निघतो. संवेदकावरील प्रत्येक बिंदू लाल, हिरवा वा निळा यांपैकी एकाच रंगाचा प्रकाश मोजतो. हिरव्याचे बिंदू निम्मे, उरलेल्यांत लाल व निळे सारखे, ही रचना कोडॅकच्याच ब्राइस बायर याची असून तिचे पेटंट १९७६ सालचे आहे. म्हणजे दिसणाऱ्या चित्रातील दोन तृतीयांश रंग हे शेजाऱ्यांवरून काढलेले अनुमान असते. रॉ म्हणजे या अनुमानापूर्वीचा कच्चा दस्तऐवज. जेपेग म्हणजे यंत्राने आपल्या मतानुसार रंग, उजळपणा व धार ठरवून, प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्यांत बसवून केलेला पक्का मसुदा. संगणकावर बसून चित्रे सुधारण्याची ज्याला हौस नाही, त्याने रॉच्या भानगडीत पडू नये. तो निष्कारण कार्ड भरील आणि त्या फायली कधी उघडणारही नाही. दोन्ही स्वरूपे एकदम साठवण्याची तजवीज आहे, ती लग्नकार्यासारख्या पुन्हा न येणाऱ्या प्रसंगी जरूर वापरावी.

या मालिकेतील २०१४ च्या तिसऱ्या आवृत्तीत डोळ्याची खिडकी आली व लांब टोकाशीही एफ २.८ मिळू लागले, पण पोच मात्र ७० वर आली. २०१८ च्या सहाव्या आवृत्तीत पोच २०० पर्यंत गेली आणि रुंद टोकाचे छिद्रही एफ २.८ वर आले. एकाच खिशात सारे मावत नाही. जुन्या बाजारात यांपैकी कोणतीही आवृत्ती घेताना भिंग बाहेर येताना अडखळते का, व पांढऱ्या भिंतीचे चित्र एफ ११ वर काढल्यास त्यात काळे ठिपके दिसतात का, एवढे पाहूनच सौदा करावा. कारण या कॅमेऱ्याचे भिंग वेगळे होत नाही, आत धूळ गेली तर ती काढण्यास सारे यंत्र उकलावे लागते. कोकणातल्या पावसाळ्यात तो चामड्याच्या बंद पिशवीत ठेवण्याऐवजी सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावा, आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून भिंग दोन-चार वेळा पुढेमागे करावे.